गलगंडाच्या ऑपरेशनआधी हे का सांगत नाही? : थायरॉइडच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
गलगंडाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन, काढलेली ग्रंथी तपासणारे पॅथॉलॉजिस्ट आणि पुढचे उपचार ठरवणारे एंडोक्रिनॉलॉजिस्ट यांस,

स.न.वि.वि.

गलगंडासाठी काढलेल्या ग्रंथीत कॅन्सरचा बारीक ठिपका निघू शकतो हे मला आधी कुणी सांगितलं नाही, आणि तो निघाल्यावर लगेच दुसरी शस्त्रक्रिया सुचवली, अशी तक्रार मी रुग्णालयाकडे केली होती. तिला उत्तर आलं. एकच वाक्य आहे : 'आपल्यावरील उपचार प्रचलित कार्यपद्धतीनुसार झाले असून त्यात कोणतीही त्रुटी आढळली नाही.' खरं आहे ते. त्रुटी कुणाचीच नाही, पद्धतच तशी आहे. म्हणून एका रुग्णालयाशी पत्रापत्री करत बसण्यापेक्षा तुम्हा सगळ्यांनाच लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण ज्यांचं हे ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनीही ते वाचायला हवं. रुग्णालयाचं किंवा डॉक्टरांचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव आलं की सगळी चर्चा त्या नावाभोवतीच फिरते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आधी माझी हकीकत, थोडक्यात. मला बरीच वर्षं गलगंड होता. उजवी बाजू वाढत गेली, उताणं झोपलं की श्वास अडल्यासारखा व्हायचा, गिळताना घास रेंगाळायचा. सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका एका बाजूला ढकललेली दिसली. मोठ्या गाठीची सुईने तपासणी केली, तिचा निकाल 'बेथेस्डा २', म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली गाठ. दाब पडतो आहे म्हणून उजवी बाजू काढायची ठरली आणि ती उत्तम काढली गेली. आवाज शाबूत राहिला, कॅल्शियम घसरलं नाही, गळ्यावरचा व्रणही आता शोधावा लागतो. शिकवणं हा माझा पेशा आहे, दिवसभर आवाज वापरावा लागतो, त्यामुळे सर्जनच्या हाताचं मोल मला पुरेपूर कळतं. तक्रार त्या हाताबद्दल नाही.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मला खिडकीतून मिळाला, बंद पाकिटात, सही घेऊन. पहिला परिच्छेद ग्रंथीच्या मापांचा आणि वजनाचा. मग कोलॉइडने, म्हणजे ग्रंथीतल्या चिकट द्रवाने, भरलेल्या गाठी, जुना रक्तस्राव, काही जागी चुना साठलेला. हे सगळं गलगंडाचंच वर्णन. आणि सगळ्यात शेवटी, कुठल्याही स्पष्टीकरणाशिवाय एक ओळ : 'पॅपिलरी मायक्रोकार्सिनोमा, ३ मिमी.' म्हणजे थायरॉइडचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, एक सेंटिमीटरच्या आतला. पुढच्या भेटीत सर्जन म्हणाले, "नशीबवान आहात, लवकर सापडला. आता डावी बाजूही काढून टाकू, मग रेडिओ-आयोडीन देऊ, विषय संपेल." रेडिओ-आयोडीन म्हणजे उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सर्गी औषध. पाच मिनिटांत तारखेपर्यंत बोलणं आलं होतं.

मी तारीख घेतली नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं आणि वाचत गेले. जे वाचलं त्याने दिलासा मिळाला, पण त्याहून जास्त राग आला. कारण त्यातलं काहीच नवं नव्हतं. तुम्हाला सगळ्यांना ते ठाऊक आहे.

फिनलंडमध्ये १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर कारणांनी मृत्यू आलेल्या १०१ जणांच्या थायरॉइड ग्रंथी दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून पूर्ण तपासल्या. ३६ जणांमध्ये पॅपिलरी कॅन्सर सापडला. म्हणजे तिघांत एकाहून जास्त. त्यातले बहुतेक इतके बारीक की चकत्या आणखी पातळ केल्या असत्या तर आकडा आणखी वाढला असता, असं खुद्द अभ्यास करणाऱ्यांनीच म्हटलं. पुढे जगभरच्या अशा शवविच्छेदनांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा ग्रंथी पूर्ण तपासली तर दहात एकाच्या आसपास माणसांत हे सापडतं असं दिसलं. ही माणसं त्या कॅन्सरने गेली नव्हती. तो होता हेही त्यांना कधी कळलं नाही.

गलगंडासाठी काढलेल्या ग्रंथीतही तेच. ब्रेडच्या लादीत एकच बेदाणा असेल तर तो हाती लागणं न लागणं किती काप केले त्यावर ठरतं, तसा हा प्रकार आहे. एखाद्या प्रयोगशाळेत मोठ्या ग्रंथीचे मोजके तुकडे मेणात बसवतात, दुसरीकडे जवळजवळ सगळी ग्रंथी बसवतात. मग मेणाच्या त्या ठोकळ्यांवरून काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढायचे, रंग द्यायचा, आणि पेशींच्या केंद्रकांवर खाचा आहेत का, ती काचेसारखी फिकट दिसतात का हे भिंगाखाली बघायचं. ३ मिलिमीटरचा ठिपका त्या पापुद्र्यात आला तर मी 'कॅन्सरची पेशंट', शेजारच्या तुकड्यात राहून गेला तर 'साधा गलगंड'. गळा तोच आणि धोकाही तोच.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर मी सह्या केल्या. आवाजाची नस, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी, रक्तस्राव, भूल, जंतुसंसर्ग, सगळं त्यात होतं आणि सर्जननी ते समजावूनही सांगितलं. काढलेल्या ग्रंथीत असा बारीक कॅन्सर निघू शकतो, हे मात्र कुठेच नव्हतं. संमतिपत्रातले कितीतरी धोके याहून विरळ आहेत. "तपासणीत कधी कधी कॅन्सरचा बारीक ठिपका निघतो, निघाला तर बहुधा काही करावं लागत नाही", एवढं वाक्य आधी कानावर पडलं असतं तर खिडकीतून मिळालेली ती ओळ मी वेगळ्या मनाने वाचली असती. आधी सांगितलेल्या गोष्टीला माणूस माहिती समजतो. नंतर कळली तर तीच गोष्ट लपवल्यासारखी वाटते.

याला जोडूनच दुसरं. घरी सगळे म्हणू लागले की सुईची तपासणी चुकली. काहींनी तर कोर्टाची भाषा केली. तपासणी चुकली नव्हती. सुई मोठ्या गाठीत गेली होती आणि ती गाठ साधीच निघाली. ठिपका दुसरीकडे होता, इतका लहान की सोनोग्राफीत वेगळा ओळखूही आला नसता, आणि आला असता तरी एक सेंटिमीटरहून लहान गाठीला सहसा सुई लावतच नाहीत. गलगंडाचा कॅन्सर 'झाला' असंही नाही, त्याच ग्रंथीत दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. हे मी घरच्यांना समजावलं. ते काम माझं होतं का? तुमच्याच सहकाऱ्याच्या तपासणीवर विनाकारण बट्टा लागतो आहे, तो पुसायला तरी तुम्ही बोलायला हवं होतं.

आता रिपोर्टाबद्दल, पॅथॉलॉजिस्टसाहेब. तुमच्याबद्दल मला आदर आहे, कारण तो ठिपका शोधायला नजर लागते. पण '३ मिमी' लिहून तुम्ही थांबलात. एकच आहे की अनेक? ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेला आहे का? रक्तवाहिनीत शिरला आहे का? कडा मोकळ्या आहेत का? पेशींचा प्रकार कोणता? निर्णय ज्यावर ठरतो ते हेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात 'मायक्रोकार्सिनोमा' हा नुसत्या आकारावरून ठरणारा वेगळा उपप्रकार ठेवलेलाच नाही. एक सेंटिमीटरच्या आतला असला तरी त्याचा पेशींवरून प्रकार सांगा, असं ते वर्गीकरण म्हणतं. मला ही सगळी माहिती काचपट्ट्या दुसरीकडे पुन्हा तपासून घेतल्यावर मिळाली. एकच ठिपका, ग्रंथीच्या आत, नेहमीचा प्रकार, कडा मोकळ्या, रक्तवाहिन्या स्वच्छ. दहा शब्दांचा मजकूर आहे हा, आणि त्याने माझी झोप परत आली. पहिल्या रिपोर्टात तो का नव्हता?

सगळ्यात मोठी तक्रार मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या सल्ल्याबद्दल आहे, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे.

जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलमध्ये १९९३ पासून, आणि टोकियोच्या कॅन्सर इन्स्टिट्यूट हॉस्पिटलमध्ये १९९५ पासून, एक सेंटिमीटरच्या आतले, कमी धोक्याचे पॅपिलरी कॅन्सर ऑपरेशन न करता नुसते नजरेखाली ठेवतात. कुमा हॉस्पिटलने २०१४ मध्ये अशा १,२३५ रुग्णांची माहिती छापली. दहा वर्षांत आकार वाढला तो सुमारे ८ टक्क्यांत, मानेतल्या लसिकाग्रंथींत गेला तो ४ टक्क्यांहूनही कमी जणांत. गरज पडली त्यांच्यावर नंतर शस्त्रक्रिया झाली. थायरॉइडच्या कॅन्सरने मेलं एकही नाही. वय जितकं जास्त तितकी वाढ कमी, हेही त्यांनी दाखवलं. आणि हे कॅन्सर गळ्यातच ठेवलेले होते. माझा तर काढून मेणात बसवून झाला होता! जो रुग्णाच्या शरीरात उरलेलाच नाही, त्याच्यासाठी उरलेली निरोगी बाजू काढायची?

कुणी म्हणेल, जपानचे ते रुग्ण वेगळे. ठीक. मग योगायोगाने सापडलेल्यांचंच बघू. २०१४ मध्येच अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात गलगंडासारख्या साध्या कारणासाठी काढलेल्या ग्रंथीत अचानक निघालेले मायक्रोकार्सिनोमा वेगळे मोजले, आणि मानेतली गाठ वगैरे कारणाने आधीच शोधलेले वेगळे. आकार दोन्हींचा एक सेंटिमीटरच्या आतच. पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण पहिल्या गटात अर्धा टक्का, दुसऱ्या गटात आठ टक्क्यांच्या जवळ. तेव्हा 'मायक्रोकार्सिनोमा' म्हणून सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका. कुठे, कसा, कशामुळे सापडला हे आकाराइतकंच महत्त्वाचं आहे.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे की ग्रंथीच्या आतच असलेल्या, एक सेंटिमीटरच्या आतल्या, इतर धोक्याच्या खुणा नसलेल्या कॅन्सरला एक बाजू काढणं पुरेसं, आणि रेडिओ-आयोडीन नेमाने देऊ नये. फ्रान्समध्ये संपूर्ण ग्रंथी काढलेल्या कमी धोक्याच्या रुग्णांवर चाचणी झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. आयोडीन दिलेले आणि न दिलेले यांच्यात तीन वर्षांनी फरक दिसला नाही. त्या रुग्णांचा आजार माझ्या ३ मिलिमीटरहून मोठा होता.

"विषय संपेल" म्हणालात. रुग्णाच्या बाजूने बघा, विषय कुठून सुरू होतो ते. आज माझी उरलेली बाजू पुरेसं हार्मोन बनवते, मला गोळी नाही. ती काढली की रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, जन्मभर. पहिल्या वेळी उजवी नस वाचली, आता डावी पणाला लागणार, आणि ती दुखावली तर आवाज बिघडणार. चारही पॅराथायरॉइड धोक्यात, म्हणजे बोटांना मुंग्या, पायांत गोळे आणि कॅल्शियमचा डबा उशाशी. आयोडीन घेतलं तर काही दिवस घरच्यांपासून लांब राहायचं, लाळग्रंथी सुजण्याची आणि तोंड कोरडं पडण्याची शक्यता धरायची. तरुण बाई असेल तर मूल होऊ देणंही काही महिने पुढे ढकलायचं. त्यात 'टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) दाबून ठेवू' म्हणून गोळीचा डोस चढवला की हृदयाचे ठोके अनियमित होण्याची आणि, पाळी गेलेल्या बाईला तर विशेषच, हाडं ठिसूळ होण्याची भीती. एवढं सगळं ३ मिलिमीटरसाठी, आणि तेही आधीच काढलेल्या.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण एका डॉक्टरांनी ते मला प्रामाणिकपणे सांगितलं. "शंभरात एखादीचं काही निघालं तर कोर्टात आम्हाला उभं राहावं लागतं. काढून टाकलं तर कुणी विचारत नाही." ही अडचण खरी आहे आणि तिची मी टिंगल करणार नाही. पण तिच्यावर उपाय म्हणजे माझी दुसरी बाजू कापणं नव्हे. धोक्याचा अंदाज कागदावर लिहा, मला वाचून दाखवा, माझी सही घ्या. मी आनंदाने करेन.

घरच्यांचंही झालंच. "रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची मानेची सोनोग्राफी करून घ्या", असं जाता जाता सांगितलं गेलं. बहिणीच्या मानेत बारीक गाठ दिसली, आता ती घाबरून बसली आहे. धडधाकट माणसांच्याही माना तपासल्या तर गाठी भरपूर सापडतात, हे तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१७ मध्ये लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नका असंच सुचवलं आहे. दक्षिण कोरियात काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. आरोग्य तपासणीला जोडून मानेची सोनोग्राफी होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्याने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. २०१४ मध्ये तिथल्या आठ डॉक्टरांनी लोकांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं, आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया एक तृतीयांशाहून जास्त कमी झाल्या. तिथे पत्र डॉक्टरांनी लिहिलं. इथे ते रुग्णाला लिहावं लागतं आहे.

हे वाचून कुणा रुग्णाने 'मायक्रो म्हणजे काहीच नाही' असा अर्थ काढू नये, म्हणून स्पष्ट लिहिते. मानेतल्या लसिकाग्रंथी वाढलेल्या असतील, कॅन्सर ग्रंथीबाहेर किंवा रक्तवाहिनीत गेला असेल, पेशींचा प्रकार आक्रमक असेल, लहानपणी मानेला किरणोपचार झाले असतील, तर हिशेब वेगळा आहे. मेड्युलरी हा थायरॉइडचाच दुसरा कॅन्सर बारीक असला तरी त्याची जातच वेगळी, त्याला यातलं काहीही लागू नाही. अशांना दुसरी शस्त्रक्रिया सुचवली गेली तर ती ऐकावी. अहो, या दोन गटांतला फरक करणं हेच तर तुमचं शास्त्र आहे, आणि माझ्या बाबतीत तेच वापरलं गेलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

गलगंडाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात अचानक सापडणाऱ्या बारीक कॅन्सरचा उल्लेख असावा, आणि तो सापडला तर सहसा काय करतात हेही. तोंडी सांगणं पुरेसं नाही, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ऐकलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

असा निकाल खिडकीतून देऊ नका. रिपोर्ट सर्जनकडे आधी जावा आणि त्यांनी समोर बसवून सांगावा. दहा मिनिटं लागतील. रिपोर्टात संख्या, आवरण, कडा, रक्तवाहिन्या आणि पेशींचा प्रकार लिहिलेला असावा. त्याखाली 'शस्त्रक्रिया अन्य कारणासाठी, हे आनुषंगिक निदान' एवढी टीप जोडली तर विमा कंपनीच्या अर्जापासून नातेवाइकांच्या प्रश्नांपर्यंत किती गोष्टी सोप्या होतात याची तुम्हाला कल्पना नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी 'काहीच न करणं' हा पर्यायही रुग्णासमोर ठेवा, त्याच्या आकड्यांसकट. सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि एंडोक्रिनॉलॉजिस्ट यांनी एकदा एकत्र बसून तो रिपोर्ट बघावा. रुग्णाला दुसरं मत घ्यायचं असेल तर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे हातपाय न जोडता मिळावेत. माझे मिळायला वेळ लागला, कारण 'ते बाहेर देत नाहीत' असं सांगणारा प्रत्येक जण पुढच्या खोलीकडे बोट दाखवत होता.

पुढे लक्ष किती दिवस ठेवायचं तेही लिहून द्या. कोणती तपासणी, किती महिन्यांनी, आणि ती कधी थांबवायची. अर्धी ग्रंथी शिल्लक असताना थायरोग्लोब्युलिनचा, म्हणजे थायरॉइड पेशी रक्तात सोडतात त्या प्रथिनाचा, आकडा फारसं काही सांगत नाही, तरी मला तो दर खेपेला करायला सांगत होते आणि दर खेपेला तो थोडा वर-खाली झाला की माझी रात्र जायची. अशी तपासणी लिहिताना तिच्या निकालावरून काय करणार आहात ते आधी ठरवा. काहीच करणार नसाल तर लिहू नका.

नातेवाइकांना सोनोग्राफीला पाठवायचं ते कारण असेल तरच.

तुमच्या संघटनांच्या परिषदा होतात, त्यात या विषयावर निबंध वाचले जातात हे मला माहीत आहे. त्यातलं ओपीडीतल्या टेबलापर्यंत किती पोचतं, हा माझा प्रश्न आहे. मला पत्राने उत्तर द्या असं म्हणत नाही. संमतिपत्राचा पुढचा छापील गठ्ठा मागवाल, तेव्हा त्यात ते एक वाक्य टाका.

आपली नम्र,
गलगंडाची एक रुग्ण